पाझर शून्य

बातमीदाराकडे छापून आलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त साचतं. चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतं, "ते हडपसरच्या ऑफिसचं सांग." सांगतो. पण हसायचं ठरवून बसू नका.

*

हडपसरच्या आयटी पार्कात एक कंपनी होती. जमिनीखाली तेल आणि गॅस कुठून कुठे सरकतात, याची चित्रं ती परदेशी तेल कंपन्यांसाठी कॉम्प्युटरवर काढायची. तिथल्या भूगर्भशास्त्रज्ञ वैद्य मॅडम. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "इतक्या घट्ट चिकणमातीतून गॅस वर येतो कसा? भोक तर नसतं."

कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. "त्याला भोक आहे?"

"नाही."

"मग बाहेरून ओला का, ते बघून या."

बघून आलो.

*

चित्रात गॅस लाल रंगात दिसायचा. मॅनेजर साळवी म्हणाले, "मॅडम, लाल जरा कमी करा. क्लायंट घाबरतो."

"गॅसला कळवते."

*

एकेका चित्राला मशीन कितीतरी दिवस घ्यायचं. चिकणमातीतून किती झिरपतं, हा आकडा फार बारीक. मशीन तिथेच अडायचं. मॅडम रजेवर असताना डेडलाइन आली आणि प्रोग्रामरांनी त्या जागी सरळ शून्य टाकलं. जेवणाच्या सुट्टीआधी चित्र तयार! चिकणमातीच्या वर लाल ठिपका नाही. रिपोर्ट रवाना.

मॅडम परतल्यावर म्हणाल्या, "असा खडक पृथ्वीवर नाही."

साळवी म्हणाले, "क्लायंटला आवडलाय."

*

मॅडमनी खरा आकडा घालून मशीन पुन्हा चालवलं आणि मला बोलावलं. लाल रंग चिकणमातीतून केसासारखा वर चढत होता आणि वरच्या वाळूत पसरत होता.

"याला लाखो वर्षं लागतात ना? मग घाई कसली?"

"ती लाखो वर्षं होऊन गेली आहेत."

त्यांनी पडद्यावरच्या वरच्या वाळूवर बोट ठेवलं. समुद्रात त्याच वाळूच्या दिशेनं ड्रिलिंग चालू होतं आणि रिगवर त्यांचे यजमान ड्रिलर होते. गॅस दाबून धरायला भोकात जड चिखल भरतात. वाळूत गॅस नाही असं रिपोर्टच म्हणतोय म्हटल्यावर, तिथे हलका चिखल भरला होता.

*

मी बातमी लिहिली. संपादकांनी विचारलं, "काही फुटलंय?"

"नाही."

"मग बातमी कुठाय?"

"फुटायच्या आधी छापली तर बातमी. नंतर छापली तर श्रद्धांजली."

"फुटल्यावर पहिलं पान देतो."

आयटी पुरवणीत त्याच कंपनीची पानभर जाहिरात लागली होती.

*

सुधारलेला रिपोर्ट साळवींनी अडवला. म्हणे क्वार्टर संपू दे. शेवटी मॅडमनी ऑफिसातूनच रिगला फोन लावला. लाइनला खरखर, म्हणून स्पीकर चालू. मी शेजारीच होतो.

"अहो, चिखल जड करायला सांगा. आमचा रिपोर्ट चुकलाय."

"अगं, तोच रिपोर्ट इथे भिंतीवर लावलाय. साहेब म्हणतात, पुण्याच्या लोकांनी खात्री दिलीये."

"वर परत येणारा चिखल बघा. टाकीत वाढतोय का? वाढत असेल तर खालून गॅस ढकलतोय."

"बघून सांगतो. धर."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग मशीनची घरघर. मग कुणीतरी ओरडलं. बूट धावले. मग भोंगा वाजायला लागला, तो थांबेचना.

"अहो," मॅडम म्हणत होत्या. "अहो."

सगळं ऑफिस उभं राहिलं होतं. साळवी काचेच्या केबिनमधून बाहेर आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, स्पीकर बंद करता का? दुसऱ्या लाइनवर क्लायंट आहे."