सदामामांची बातमी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या चाळीत राहत नाही — बहुतेक तेवढंच कारण असेल.

आधी वर्तमानपत्रांबद्दल बोलू द्या. वैताग येतो हो. पाऊस पडण्याची शक्यता. पाणीकपातीची चिन्हे. मंत्रिमंडळात फेरबदल होणार असल्याचे समजते. सामना बहुधा अनिर्णित. छातीठोकपणे कुणी काही सांगतच नाही. आणि हे सगळं मला मोठ्यानं वाचावं लागायचं. साकीनाक्याच्या आमच्या चाळीत सगळ्यांत मिळून एक पेपर यायचा, आणि रविवारी सकाळी नळाजवळच्या ओट्यावर तो मी वाचून दाखवायचो. ज्यांना वाचता यायचं तेही नुसते ऐकत बसायचे. चाळीतून कॉलेजात गेलेला मी पहिला ना.

मी 'शक्यता आहे' म्हटलं की कुणीतरी विचारायचं, "म्हणजे पडणार की नाही, ते सांग ना." आता काय सांगणार? "एवढा कॉलेजात जातो यार, आणि ह्याला पण माहीत नाही." चेष्टाच होती. पण मला ती लागायची. छापणाऱ्यालाच नक्की ठाऊक नाही हे त्यांना पटायचं नाही. त्यांना वाटायचं, मलाच कळत नाही.

मग मी ते शब्द गाळायला लागलो. पाऊस पडणार. पाणी कापणार. चुकलं तर पेपर चुकला. खरं ठरलं तर — तर सगळे माझ्याकडे बघायचे. कुणाचं काय बिघडत होतं त्यात?

सदामामांचं बिघडलं.

मामा शेजारच्या खोलीतले, नात्याचे नव्हेत. लेथवर काम करायचे. कारखाना बंद पडून बरेच महिने झाले होते. त्यांच्या मेहुण्यानं आरे कॉलनीत गोठ्यावर काम बघून ठेवलं होतं. सोमवारी हो की नाही कळवायचं होतं. मामांना वाचता येत नाही. पण गेटवरच्या पाटीमुळे कारखान्याच्या नावाची अक्षरं तेवढी ओळखीची होती, ती त्यांना पेपरात दिसली.

"हे आधी वाच."

छापलं होतं — कारखाना दिवाळीपूर्वी पुन्हा सुरू होण्याची शक्यता असल्याचे समजते. एका वाक्यात दोनदा हात झटकलेले. मी वाचलं, "कारखाना दिवाळीपूर्वी पुन्हा सुरू होणार."

मामी भांडी घासता घासता थांबल्या. "नीट वाच रे. नक्की लिहिलंय?"

इथे थांबता आलं असतं ना? सगळा ओटा माझ्याकडे बघत होता. मी ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा तेच वाचलं. "लिहिलंय, मामी."

मामांनी मेहुण्याला 'नाही' म्हणून कळवलं. "आता शेण काढायला कशाला जाऊ?" म्हणाले, हसत. दिवाळी गेली. कारखान्याचं गेट उघडलं ते मशिनं बाहेर काढायला. गोठ्यावर तोवर दुसरा माणूस लागला होता. मामा आता नाक्यावर मिळेल ती हमाली करतात. त्यांच्या मुलीची, सुरेखाची, शाळा कायमची सुटली — माझ्या धाकट्या बहिणीच्याच वर्गात होती ती.

चाळीनं पेपरवाल्यांना शिव्या घातल्या. मीही घातल्या. हे पहिल्यापेक्षा वाईट, नाही का? तो बातमीदार, कोण असेल तो, त्याला जेवढं माहीत होतं तेवढंच त्यानं लिहिलं होतं. आणि मी सगळ्यांत मोठ्यानं त्याला खोटारडा म्हणत होतो.

आम्ही पेपर बदलला. नवाही मीच वाचतो. परवा कुणीतरी गमतीत म्हणालं, ह्याच्या वाचण्यावर जाऊ नका. मामांनी त्याला गप्प केलं. "पोरगा काय करणार? छापलं होतं तेच वाचलं त्यानं."

मी पुढची बातमी वाचायला घेतली.