ओळींना पुन्हा आवाज देणाऱ्या सुधाताई

सुधाताई भामरे यांची आणि माझी पहिली भेट राखोलीच्या सूत कारखान्यात, माझ्या मुलाखतीच्या दिवशी झाली. मला दिसत नाही हे कळल्यावर खोलीतले साहेबलोक मला सोडून माझ्यासोबत आलेल्या भावालाच प्रश्न विचारू लागले. संगणक विभागाच्या प्रमुख म्हणून ताई तिथे होत्या. "नोकरी भावाला नको आहे. मला यांच्याशी बोलू द्या," असे म्हणून त्यांनी मला लगेच एक प्रोग्रॅम लिहायला बसवले.

ताई मूळच्या धुळ्याच्या. त्याच भागातल्या नरोलीत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांच्या मुलींना त्यांनी वर्षानुवर्षे रविवारी संगणक शिकवला. त्याविषयी त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतर लिहितीलच. संपादकांनी माझ्याकडे एखादी गोड आठवण मागितली होती. मला मात्र आठवतो तो ताईंचा राग, आणि तो प्रसंग लिहिताना आजही माझे डोके तापते.

यंत्रांकडून येणारी माहिती गोळा करणारे प्रोग्रॅम मी एका टेक्स्ट एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहितो. आमच्या प्रोग्रॅममध्ये ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली, यावर त्या ओळीचा अर्थ ठरतो. इतरांना ते दिसते. मला एडिटर प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवतो, आणि वाचण्याआधी तो ती जागा बोलून सांगत असे. एके सकाळी एडिटरची नवी आवृत्ती आली आणि हे सांगणे बंद झाले. सेटिंगमध्ये ती सोयच उरली नव्हती. कारखान्याच्या नियमामुळे जुनी आवृत्तीही परत घेता येईना. माझे हातचे काम अडले.

ताईंनी एडिटर बनवणाऱ्या कंपनीला कळवले. उत्तर आले, ही सोय फार थोडे लोक वापरत होते म्हणून काढली. कोणाला विचारून काढली? जिन्याचा कठडा थोडेच लोक धरतात म्हणून तो कोणी उखडून नेत नाही.

आमच्या मॅनेजरसाहेबांना तर ही संधीच वाटली. मला टेलिफोनवर बसवावे, असे त्यांनी ताईंना सुचवले. वर म्हणाले, "उसको भी आराम रहेगा." मी समोरच बसलो होतो.

ताईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "यांचं काम बिघडलेलं नाही साहेब, एडिटर बिघडलाय. बदली करायची तर त्याची करा. आणि यांच्याविषयी काही विचारायचं असेल तर यांनाच विचारा."

साहेब निघून गेले.

त्या एडिटरला आपण लिहिलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोट्या छोट्या आज्ञांचे संच, जोडता येत. गेलेली सोय त्यातूनच परत आणायचे ताईंनी ठरवले. पहिली स्क्रिप्ट प्रत्येक रिकामी जागा सुटी सुटी सांगे. ऐकता ऐकता ओळच विसरायला होई. दुसरी इतकी मागे पडे, की मी पुढच्या ओळीवर गेलो तरी ती मागचीच सांगत राही. एवढ्यावर मी भागवून घेईन, असे मी म्हणालो, तेव्हा ताई माझ्यावरही रागावल्या. "भागवायचं कशाला? होतं तसं परत मिळायला हवं."

मग त्यांनी स्वतःचा स्क्रीन बंद केला, कानाला हेडफोन लावला आणि नुसते ऐकून माझा प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसल्या. चुकत होत्या, चरफडत होत्या, पण स्क्रीन लावत नव्हत्या. माझी अडचण अशी स्वतःच्या अंगावर घेणारे दुसरे कोणी मला भेटलेले नाही. त्यातूनच त्यांना सुचले, की जागा शब्दांनी न सांगता सुराने सांगावी. जागा वाढली की सूर चढतो, कमी झाली की उतरतो. ही सोय मूळच्यापेक्षाही सरस निघाली.

मी माझ्याच खुर्चीवर राहिलो. ताईंनी त्या स्क्रिप्ट सर्वांसाठी खुल्या केल्या, आणि कुठल्या कुठल्या गावांतून माझ्यासारखी माणसे त्या वापरू लागली. पुढे कंपनीच्या आणखी एका आवृत्तीने त्या मोडल्या. ताईंनी पुन्हा लिहिल्या. अलीकडे त्या परत मोडल्या, तेव्हा मीच दुरुस्त केल्या आणि ताईंना ऐकवल्या. त्यांना आनंद झाला. तरी लगेच म्हणाल्या, "आता कंपनीला पुन्हा लिहू." लिहिले आहे. उत्तर अजून नाही.

साठी आली की माणसाने शांत व्हावे म्हणतात. ताईंसाठी मी तसे मागणार नाही. त्यांना ठणठणीत तब्येत लाभो, उदंड आयुष्य लाभो, आणि कोणाच्याच हिशेबात नसलेल्या माणसांसाठी रागावण्याची त्यांची ताकद कधीही कमी न होवो.