फिलिन्नाची नणंद

आमच्या कुंभारवाड्यात, अथेन्सच्या वेशीला लागून, सोसियासचं घर होतं. तो भट्टीवाला, मितभाषी माणूस. त्याची बायको फिलिन्ना माझी शेजारीण. आमच्यात भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला सगळं ऐकू यायचं.

फिलिन्नाला नवऱ्याचा त्रास नव्हता. त्रास होता नणंदेचा. मीरो विधवा होऊन भावाकडे परत आली आणि कोठीघराच्या किल्ल्या आपोआप तिच्या कमरेला गेल्या. मसुराच्या आमटीत मीठ बरोबर आहे का, हे सोसियास बहिणीला विचारायचा. भट्टी कधी पेटवायची, तेही तिलाच. "काकू," फिलिन्ना मला म्हणायची, "मी या घरात फक्त झोपायला आलेय."

त्या वर्षी वसंतातल्या उत्सवासाठी सोसियासची नाटकाच्या गायकांत निवड झाली. नाटक होतं एका आईचं. राजाने फितूर ठरवलेल्या मुलाला ती घरात लपवते. सोसियास म्हाताऱ्या प्रधानांच्या मेळ्यात होता. चाक फिरवता फिरवता तो म्हणत बसायचा, की बाई, राजाची आज्ञा मोड नकोस.

"दादा, घरीसुद्धा हेच गाणार का?" मीरो हसायची, आणि तोही हसायचा. फिलिन्ना मात्र भांडी जोरात आपटायची.

मग सोसियास-मीरोचा धाकटा भाऊ लीकोन गेला. सीमेवरचा किल्ला त्याने शत्रूला उघडून दिला, असं ठरवून न्यायसभेने त्याला मारलं आणि प्रेत शेजारच्या मेगारा नगराच्या हद्दीत फेकलं. दवंडी पिटली गेली: फितुराचं हाडूकही आमच्या मातीत येता कामा नये. त्यांच्या घरी रडायचीसुद्धा चोरी झाली.

त्यानंतर भाऊबहीण भट्टीमागे कुजबुजू लागले. फिलिन्ना पाणी घेऊन गेली की गप्प व्हायचे. एकदा तिने भिंतीआडून ऐकलं. मीरो देवीच्या दर्शनाचं निमित्त करून हद्दीपलीकडे जाणार होती आणि लीकोनच्या अस्थी घेऊन येणार होती.

"वहिनीला सांगायचं?" मीरोने विचारलं.

"नको. तिचा काय संबंध?" सोसियास म्हणाला.

हे तीन-चार शब्द तिला झोंबले. ती तडक माझ्याकडे आली.

"त्याच्या भावाला मी भाकरी वाढली, ताप आला तेव्हा मी उशाशी बसले. आणि माझा संबंध नाही?"

"अगं, तुला जपायला म्हणाला असेल," मी म्हटलं.

"जपायला? मग तिला का नाही जपत? जीव धोक्यात घालायलासुद्धा तीच हवी!"

मीरो निघाली त्या दिवशी फिलिन्ना चावडीवर गेली. कारकुनाला म्हणाली, "माझी नणंद वेशीतून येईल तेव्हा तिची टोपली बघा. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही." एवढं तिने दोनदा सांगितलं. तिला फक्त एकच माणूस घरातून जायला हवं होतं.

वेशीवर शिपायांनी टोपली उलटी केली. सुक्या अंजिरांखालून कापडात बांधलेल्या अस्थी निघाल्या. मीरो शांतपणे म्हणाली, "माझा भाऊ आहे. सांभाळून धरा."

बातमी आली तेव्हा सोसियास मातीच्या हातांनीच धावला. न्यायसभेपुढे तो उभा राहिला.

"ती माझ्या आश्रयाला आहे. मी सांगितलं म्हणून ती गेली. शिक्षा मला द्या."

"तुझ्या बायकोने तर वेगळं सांगितलंय," कारकून म्हणाला.

तेव्हा त्याला कळलं. मागे उभ्या फिलिन्नाकडे त्याने वळून पाहिलं नाही, असं तिथले लोक सांगतात.

दोघांना हद्दपारी झाली. निघण्यापूर्वी तो घरी आला, अवजारं बांधू लागला. फिलिन्ना दारात आडवी पडली.

"मी तुमचं नाव घेतलं नव्हतं हो! मलाही न्या. कुठेही न्या."

"तू राहा," तो म्हणाला. "तुझ्यावर नगर खूश आहे."

नगर खरंच खूश होतं. दोन अधिकारी येऊन तिचं कौतुक करून गेले. पण वाड्यातल्या बायकांनी तिला विस्तवही दिला नाही. मी द्यायचे, पण तिच्या डोळ्यांत बघायचे नाही. शेवटी तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला.

बऱ्याच वर्षांनी मेगाराचा एक तेलवाला तिच्या माहेरच्या दारी आला. मी तिला भेटायला गेले होते. सोसियासची तिकडे भट्टी आहे, मडकी चांगली खपतात, असं तो सांगत होता. फिलिन्नाने टकळी थांबवली.

"त्याने दुसरी बायको केली का?"

"नाही. बहीण असते, तीच घर बघते."

तो गेल्यावर तिने दार लावून घेतलं. मग मला म्हणाली, "काकू, दुसरी केली असती तर मला बरं वाटलं असतं." आणि पुन्हा सूत कातायला लागली.