सुरुचीचं मनगट

मनवेलपाड्यातल्या सोसायटीत कौस्तुभ राणेला सगळे 'गिटारवाला' म्हणून ओळखत. दिवसभर वसईतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे आणि संध्याकाळी गॅलरीत गिटार घेऊन बसायचं, हा त्याचा कॉलेज सुटल्यापासूनचा शिरस्ता. सोसायटीच्या गणपतीत तो वाजवायला बसला की त्याची बायको सुरुची शेजारणींत बसून बघायची. ती बघतेय, हे त्याला फार आवडायचं.

एकदा फोनवर त्याने जिप्सी जॅझ ऐकलं आणि तो खुळावलाच. फ्रान्समधल्या फिरस्त्या लोकांनी वाढवलेलं हे संगीत. त्यात ड्रम नसतो, गिटारवाल्याने उजव्या हातानेच ठेका धरायचा आणि त्याच हाताने भन्नाट वेगात सोलोही वाजवायचा. व्हिडिओ बघून जमेना, तेव्हा कुणीतरी जवळच्या गास गावातल्या गॉडफ्रे सरांचं नाव सुचवलं. सर बरीच वर्षं प्रवासी जहाजांवरच्या बँडमध्ये होते, तिथे एका फ्रेंच वादकाकडून ते हे शिकले होते. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून आले की ते शिकवायला बसत. कौस्तुभ जायला लागला. घरी एकटीने काय करायचं म्हणून सुरुचीही स्कूटरवर मागे बसली.

पहिल्याच दिवशी सरांनी कौस्तुभचा पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, धरलेला उजवा हात गिटारवरून उचलला. "तळवा टेकवायचा नाय. मनगट वाकलेलं, हात हवेत. पिक खाली मारलं की पुढच्या तारेवर जाऊन थांबायला पायजे. आणि तार बदलली की पहिला फटका खालीच. आधीचा खाली असला तरी परत खाली."

ऐकायला सोपं होतं. पण कौस्तुभचा हात इतकी वर्षं खाली-वर, खाली-वर असाच चालत आला होता. वेग जरा वाढला की तळवा आपोआप तारा अडकवलेल्या ब्रिजवर टेकायचा आणि फटके उलटसुलट व्हायचे.

साथीला ठेका हवा म्हणून सरांनी एक जुनी गिटार सुरुचीच्या हातात दिली. तिला गंमत वाटली. ठेका जमला, मग ती धून मागायला लागली. पावसाळा संपता संपता एका रविवारी सर म्हणाले, "कौस्तुभ, बघ हिच्याकडे. हिला कुठली जुनी सवय मोडायची नाय. हात बघ कसा सैल पडतो."

कौस्तुभने बघितलं. मनगट ओला हात झटकावा तसं हलत होतं आणि प्रत्येक सूर टणटणीत येत होता. "छान," तो म्हणाला.

त्यानंतर घरी ती वाजवायला बसली की त्याला काहीतरी काम आठवे. टीव्हीचा आवाज वाढे. भूक नसताना तो म्हणे, "कुकर लाव ना आता." तिचा एखादा फटका चुकला की त्याला बरं वाटायचं, मग लाज वाटायची, आणि तरी तो पुढच्या चुकीची वाट बघत राहायचा. एकदा लिफ्टमध्ये शेजारची रचना म्हणाली, "कौस्तुभदादा, काल किती मस्त वाजवत होतात!" काल तो घरी नव्हताच. "थँक्यू," तो म्हणाला.

डिसेंबरात सरांची बहीण बेटी हिच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस कळंबला समुद्रकिनारी एका कॉटेजवर होता. सरांनी कौस्तुभला फोन केला. "सोलो सुरुची वाजवेल, ठेका तू धर. तिला सांग." कौस्तुभने घरात सांगितलं, "सर म्हणाले, मी सोलो, तू ठेका."

कार्यक्रमात सरांनी माइकवर सुरुचीचं नाव घेतलं. ती गोंधळली. "सर, सोलो कौस्तुभचा आहे ना?"

"मी त्याला फोन करून सांगितलेलं की!"

सुरुचीने नवऱ्याकडे बघितलं. तो गिटारच्या खुंट्या पिळत होता. ती म्हणाली, "वाजवते. रोज घरात तीच धून ऐकतेय."

कौस्तुभने ठेका धरला. तिचा पहिला फेरा स्वच्छ गेला. मग त्याने वेग वाढवला, ती अडखळावी म्हणूनच. ती अडखळली नाही. त्याने आणखी वाढवला. लोकांना वाटलं, काय रंगलंय! बेटीचा नवरा तिला घेऊन नाचायला उठला. सुरुचीचं मनगट सैलच होतं. कौस्तुभचा दंड मात्र दगडासारखा झाला. बोटांतून पिक निसटून वाळूत पडलं आणि ठेका बंद पडला. ती एकटीच वाजवत राहिली. लोकांनी टाळ्यांनी ताल धरला आणि तिने धून शेवटापर्यंत नेली.

नंतर सुरूच्या झाडांपाशी तिने विचारलं, "फोनवरचा निरोप लपवलास ते समजलं. पण वेग का वाढवलास?"

"तू चुकावीस म्हणून."

तिने गिटार खांद्याला अडकवली. "हे सरांना तू स्वतः सांगायचंस. तोवर रविवारी मी एकटी जाणार."

तीन-चार रविवार ती एकटी गेली. कौस्तुभ घरात बसून तिच्या स्कूटरचा आवाज यायची वाट बघायचा. शेवटी तो गेला आणि सरांच्या अंगणात उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत. "सोलो बंद," एवढंच म्हणाले. "एक तार घे. खालचा फटका. तळवा टेकला तर परत पहिल्यापासून."

तो तेच करत राहिला. हळू लयीत आता त्याचा हात हवेत राहतो, वेगात अजून टेकतो. परवा एका बारशाला दोघं वाजवायला गेले होते. सोलो तिचा, ठेका त्याचा. टाळ्या तिला पडल्या. गिटार पिशवीत भरताना तो हळूच म्हणाला, "आजपण जळलो मी."

"माहितीये," सुरुची म्हणाली. "पण ठेका पळाला नाही." आणि बाळाला बघायला ती आत गेली.