मस्कतमध्ये राहिलेलं जॅकेट

हे इथे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. मी माहेरची देवगडकडची. आमच्या गावात प्रत्येक पिंपळावर मुंजा आणि प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी बसलेलं असतं. मी शाळेत जायचे ती त्या पिंपळाखालूनच, कारण ती वाट जवळची होती. पुढे लॅबमध्ये नोकरी केली, लोकांचं रक्त काचेवर घेऊन तपासलं. तेव्हा ‘बाई भोळी असेल’ असं धरून वाचणार असाल तर राहू द्या.

गोष्ट २०१६ ची, मस्कतची. आम्ही अझैबाला राहत होतो. मी, नवरा सुधीर आणि खालच्या मजल्यावर शीतल, तिचा नवरा केदार आणि त्यांची दहा वर्षांची मिहिका. शीतल म्हणजे माझी जवळची मैत्रीण. म्हणजे होती. आम्हाला मूल नाही, त्यामुळे मिहू शाळेतून आली की आधी आमच्याकडे यायची. ‘वैजूमावशी, खायला काय आहे?’ एवढं मराठी तिला पक्कं यायचं, बाकी अर्धं इंग्लिश.

ऑस्ट्रियात स्कीइंगला जायची कल्पना माझी. पाच मराठी कुटुंबं, डिसेंबरची सुट्टी. सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी आमच्याकडे मिसळ व्हायची आणि नकाशे, हॉटेलं, लिफ्टचे पास... सगळं मीच शोधून ठेवायचे. बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. केदार तर मॉपच्या दोन दांड्या घेऊन हॉलमध्ये प्रॅक्टिस करायचा. एकदा आम्ही सगळे शर्कियाच्या वाळवंटात गेलो, पोरांना ट्रेवर बसवून टेकडीवरून सोडलं. तिथे मिहू टेकडीच्या पलीकडे गेली आणि दिसेना. मी आमच्या गावच्यासारखा कुकारा घातला. कूऽऽ... कोकणात या डोंगरावरून त्या डोंगरावर माणसं तशीच हाक देतात. पोरगी धावत आली. मग मी तिला शिकवलं, ‘बर्फात हरवलीस तर जागेवरून हलायचं नाही. मी कुकारा घातला की मगच आवाजाच्या दिशेने यायचं.’ ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणाला तो जमायचा नाही. शीतल करायला गेली की कोंबडा वाटायचा.

आता त्या बॅगेचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मस्कतमध्ये थंडीचे कपडे कोण बाळगणार? म्हणून आमच्या लोकांत एक ‘युरोप बॅग’ फिरायची. जॅकेटं, थर्मल, हातमोजे, टोप्या. जो जाऊन येईल त्याने सगळं धुऊन स्वतःकडे ठेवायचं, पुढचा जाणारा येऊन घेऊन जायचा. त्या वर्षी आमच्या ग्रुपसाठी मी ती आणून ठेवली होती. मी प्रत्येकाच्या मापाचं काढून ठेवलं, मिहूच्या मोज्यांना नाडी शिवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी एक नवं जॅकेट घेतलं, हळदीच्या रंगाचं. मिहूसमोर घालून दाखवलं तर ती म्हणाली, ‘मावशी, यू लुक लाइक अ स्कूल बस.’

तेव्हा तेलाचे भाव पडले होते. सुधीरची कंपनी मस्कतच्याच ‘घाला’ भागात. तिथे रोज कुणा ना कुणाला ‘खलास’, म्हणजे उद्यापासून येऊ नका, म्हणत होते. त्यातच आमची रेसिडेन्स कार्डं संपत आलेली. ती रिन्यू झाल्याशिवाय युरोपचा व्हिसा नाही. ऑफिसातला माणूस रोज म्हणायचा, ‘इन्शाल्ला, नेक्स्ट वीक.’

एका शुक्रवारी मिसळीला कुणी आलंच नाही. ग्रुपवर चिटपाखरू नाही. मला वाटलं, परीक्षा असतील पोरांच्या. मग लिफ्टमध्ये मिहूनेच सांगितलं, ‘मावशी, तुम्ही नवीन ग्रुपमध्ये का नाही?’ नवीन ग्रुप झाला होता. हॉटेलातली आमची खोली दुसऱ्या एका जोडप्याला दिली होती. सुधीरची नोकरी जाणारच, असं यांनी आपसांत ठरवून टाकलं आणि आम्हाला सांगायची कुणाला लाज वाटली, कुणाला गरज वाटली नाही. माझेच नकाशे, माझंच हॉटेल, आणि मी तेवढी बाहेर. कामापुरता मामा म्हणतात ते असं.

त्यावर कडी म्हणजे शीतल बॅग न्यायला आली. दारातच उभी.

‘वैजू, ती बॅग... म्हणजे, तुमचं तर आता—’

‘आमचं आता काय?’

‘तसं नाही गं. भावोजींचं कार्ड झालं असतं तर प्रश्नच नव्हता.’

‘ग्रुप बदललात ते सांगायला काय झालं होतं?’

‘तुला वाईट वाटलं असतं,’ ती म्हणाली. खरंच, अगदी हेच शब्द.

मी बॅग आणून तिच्या पायाशी ठेवली. हळदी जॅकेट तेवढं काढून घेतलं. आणि ऐका, ते लोक निघाले त्याच आठवड्यात आमची कार्डं झाली. सुधीरची नोकरी राहिली, पगार तेवढा कापला. यांनी थोडं थांबायला हवं होतं, बाकी काही नाही. मी त्यांना सोडायला खालीही उतरले नाही.

आता तो दिवस. संध्याकाळ व्हायला आली होती, म्हणजे तिकडे दुपार. मी गॅसवर दूध ठेवलं आणि फोन बघत उभी राहिले. शीतलने फोटो टाकले होते. सगळे बर्फात, दात काढून. मिहूच्या हातात मी नाडी लावलेले मोजे. मी मोठ्याने म्हणाले, ‘राहा मग तिथेच.’ फोन ओट्यावर पालथा ठेवला. एवढं मला स्वच्छ आठवतं.

पुढचं काहीच आठवत नाही.

नंतरचं आठवतं ते हे की सुधीर माझे खांदे धरून हलवत होता. दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं होतं, घरभर वास. मी तिथेच ओट्यापाशी उभी होते.

‘अगं, कुणाला हाका मारत होतीस?’ तो म्हणाला. ‘पार्किंगपर्यंत ऐकू येत होतं. कू कू काय चाललंय?’

मी बोलायला गेले तर घसा बसलेला. आणि माझा उजवा हात... सुधीरने धरला आणि पटकन सोडला. नखं निळी पडली होती, बोटं वळत नव्हती. त्याने माझा हात कोमट पाण्यात धरून ठेवला, तेव्हा कुठे मुंग्या यायला लागल्या. डिसेंबर असला तरी मस्कतचा डिसेंबर तो, घरात पंखा चालू होता.

तेवढ्यात शीतलचा फोन. ती रडत होती. मिहू हरवली होती, आणि सापडली होती. वर लिफ्टपाशी सगळे उभे असताना एकदम धुकं उतरलं, हातभर अंतरावरचं दिसेना, आणि मोजायला गेले तर पोरगी नाही. रेस्क्यूवाले निघाले. खाली जंगलाच्या कडेला एक बंद पडलेली झोपडी होती, तिच्या दाराशी वाऱ्याच्या आडोशाला बसलेली सापडली. अंगावर ओरखडा नाही. ते लोक म्हणाले, तिकडे खाली जायच्या वाटेवर मोठी घळ आहे, पोरगी तिच्या कडेने कशी उतरली देव जाणे.

‘ती म्हणते, वैजूमावशीने आणलं,’ शीतल म्हणाली. ‘पिवळ्या जॅकेटातली वैजूमावशी. हात धरून. तिथला डॉक्टर म्हणतो, घाबरल्यावर मुलांना असं दिसतं.’

मीही तेच म्हणाले. दिसतं असं, पोर घाबरलेली असणार. फोन ठेवला आणि कपाट उघडलं.

जॅकेट हँगरवर होतं. लेबलही काढलेलं नव्हतं. खांदे भिजलेले, बाह्या भिजलेल्या, टोपीच्या घडीत हाताला खडे लागले. मी ते बोटात धरले आणि ते विरघळले. खालच्या फळीवर पाणी. कपाटामागे बाथरूम नाही, वर टाकी नाही. सुधीरने दुसऱ्या दिवशी माणूस आणून भिंत तपासली, कोरडी ठाक होती. शेजारी टांगलेल्या माझ्या साड्यांना थेंबही लागला नव्हता.

ते लोक परत आले. शीतल बॅग द्यायला आली तेव्हा मला वाटलं, आता गळ्यात पडेल. मी चहाचं आधणही ठेवलं होतं. ती बसली नाही.

‘एक विचारू? खरं सांगशील?’ ती म्हणाली. ‘मिहू म्हणते, तिला आधी तुझी हाक ऐकू आली. म्हणून ती लाइन सोडून गेली. तू आम्हाला तळतळाट दिलास ना?’

‘तुझी पोरगी जिवंत आली, शीतल.’

‘हो. पण ती गेलीच का?’

मला रडू आलं नाही, राग आला. मी तिला जॅकेट दाखवणार होते, नाही दाखवलं. दाखवलं असतं तर हे मीच केलं अशी तिची खात्रीच पटली असती. त्यानंतर मिहूचं वर येणं बंद झालं. बाकीच्यांच्या कानांवरही गेलंच असणार, कारण लोक माझ्याशी फार गोड बोलायला लागले आणि घरी बोलवेनासे झाले.

पगार कापल्यामुळे आम्ही घर सोडून लांब, स्वस्तातल्या माबेलाला गेलो. सामान खाली नेताना लिफ्टमध्ये मिहू भेटली, एकटी. मी तिला विचारलं. विचारायला नको होतं, पण मला राहवलं नाही.

‘मिहू, कुकारा कधी ऐकलास गं? धुकं यायच्या आधी की नंतर?’

ती विचारात पडली. ‘आधी, आय थिंक... नो. नंतर. मावशी, मला नाही आठवत.’ मग माझा उजवा हात तिने आपणहून धरला. ‘तिकडे तुझा हात खूप गरम होता. चहाच्या कपासारखा.’

तळमजला आला, दार उघडलं, समोर शीतल उभी होती. मिहूने हात सोडला.

नंतर ते लोक कॅनडाला गेले असं ऐकलं. युरोप बॅग मी दुसऱ्यांना देऊन टाकली, जॅकेट माझ्याकडेच आहे. लेबल तसंच. डॉक्टर झाले, सुधीरच्या आईने सांगितलेले उतारेही झाले, मी हो ला हो केलं. कुणाकडेच उत्तर नाही, आणि तुमच्याकडे असेल अशी माझी अपेक्षा नाही. तिथे कोण गेलं होतं, कसं गेलं होतं, तेही मी आता विचारत नाही. राग माझा होता आणि जीवही माझाच त्या पोरीवर होता. मी तिला त्यांच्यापासून न्यायला गेले होते की परत आणायला, एवढंच मला कळलेलं नाही.