चांदीच्या शाईची पट्टी

माझी पुतणी केतकी प्रयोगशाळेत पातळ रबरावर चांदीच्या शाईच्या रेघा छापते. साडीवर जाळीतून नक्षी छापतात ना, तशीच. रबर जरासं ताणलं तरी त्या रेघांतून जाणारी वीज बदलते. तशी एक पट्टी तिनं काल घरी आणली आणि दादाच्या उजव्या तर्जनीवर चिकटवून लॅपटॉपला जोडली. अर्धांगवायूनंतर तो हात निपचित पडला आहे. हल्ली तर दादानं प्रयत्नही सोडून दिला होता.

"बाबा, बोट वाकवा."

बोट होतं तसंच राहिलं. पण लॅपटॉपवरची सरळ रेघ किंचित वर उचलली गेली.

"हललं!" केतकी ओरडली.

"मला नाही गं दिसलं," वहिनी म्हणाल्या.

दादानं पुन्हा जोर लावला. रेघ पुन्हा उचलली गेली आणि तो त्या रेघेकडे बघतच राहिला. मला वाटलं, जे दिसत नाही ते संपलं, असं आपण किती सहज धरून चालतो.

वहिनी खुर्ची ओढून जवळ बसल्या. दादाचा हात त्यांनी आपल्या तळव्यात घेतला आणि डोळे मिटले. "आता माझा हात दाबा."

दादानं जोर लावला. मग डोळे न उघडताच वहिनी हळूच म्हणाल्या, "हं. कळलं."