अझैब्याच्या किनाऱ्यावरचा थंड चहा

आमच्या येवल्यात संक्रांतीला तीन दिवस सगळं गाव गच्चीवर. पण पतंग उडवायचे भावांनी. माझ्या वाट्याला आसारी, म्हणजे मांजा गुंडाळलेली फिरकी. "सुटली तर बघ," असा वर दम. बोटं कापली तरी मी ती कधी सोडली नाही. दोरी मात्र कुणी हातात दिली नाही, आणि तो राग मी चाळिशीपर्यंत जपून ठेवला होता.

मस्कतला आल्यावर अझैब्याच्या किनाऱ्यावर माणसं दिसली. कमरेला भलाथोरला पतंग बांधलेला, पायाखाली फळी, आणि समुद्रावरून सुसाट. म्हटलं, आता बघतेच. नवरा म्हणाला, तुला वेड लागलंय. लागलं तर लागलं!

हिवाळाभर दर शुक्रवारी इब्रा गावाच्या पुढे वाळवंटात जाऊन छोट्या पतंगावर हात बसवला. मार्चमध्ये दुपारचा वारा धरू लागला तशी पाण्यात उतरले, आणि फजितीला सुरुवात झाली. वाऱ्याचा झोत आला की मी पतंगाच्या दोऱ्या बांधलेली दांडी गच्च आवळायची, आणि पतंग आणखीच ओढायचा. शिकवणारा ओमानी बापडा किनाऱ्यावरून हातवारे करून सांगायचा, सैल कर, सैल कर. पण येवल्याची आसारी अशी सुटते होय? नाकातोंडात पाणी जाईस्तोवर फरपटायची आणि वाऱ्याबरोबर वाहवत पार कोळ्यांच्या होड्यांपाशी निघायची. तिथून फळी काखोटीला मारून पायपीट करत परत.

निघायची जागा म्हणजे चाचांच्या चहाच्या टपरीसमोर. चाचा रत्नागिरीकडचे, सत्तरीला टेकलेले, तरुणपणी शिडाच्या होडीवर काम केलेले. माझा पतंग वर गेला की ते माझा कप भरून ठेवत. मी चालत येईपर्यंत त्यावर साय धरलेली असे. मग बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "बाय, गरम चाय तुझ्या नशिबात नाय." असा संताप व्हायचा माझा! तरी दुसऱ्या दिवशी मी तिथेच हजर.

मे महिन्यात कळलं की चाचा इथलं सगळं खलास करून कायमचे गावी निघालेत, आठवड्याभरातच. मला चुटपुट लागली. ते जायच्या आत एकदा तरी निघाले तिथेच परत येऊन तो चहा गरम प्यायचा, एवढंच डोक्यात बसलं. चार दिवस गेले आणि चारही दिवस पायीच परतले.

चौथ्या दिवशी चाचांनी थट्टा केली नाही. शेजारी बसवून म्हणाले, "शीड भरलं की दोरी ताणायची नाय, बाय. सैल सोड, टाचा रोव, नि जायचंय तिकडं बघ." शिकवणारा तीन महिने हेच सांगत होता म्हणा. पण होडीवाल्याच्या तोंडून ते मला पटलं.

त्यांच्या शेवटच्या संध्याकाळी झोत आला, बोटं आपोआप आवळली, आणि मी ती एकेक करून ढिली केली. पतंग निवला. टाचा रोवल्या आणि टपरीच्या हिरव्या पत्र्यावरून नजर हलवली नाही. फळी हळूहळू वाऱ्याच्या उलट दिशेला चढू लागली. बरोब्बर टपरीसमोर वाळूला लागले. शिकवणाऱ्याने पतंग उतरवून घेतला. कपातून वाफ येत होती. मला रडूच कोसळलं.

चाचा कप घेऊन आले, पण त्यांचं लक्ष पतंगाकडे होतं. गुडघे गेल्यापासून दोरीला हात लागला नाही, असं म्हणाले. मग जरा लाजत विचारलं, "एकदा धरू काय गो?"

ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. मी कप बाकावर ठेवला, गाडीतला छोटा पतंग काढून वर चढवला आणि दांडी त्यांच्या हातात दिली. मागे उभी राहून त्यांचा सदरा दोन्ही मुठींत घट्ट धरला. हे काम मला येवल्यापासून येत होतं.

"ढील द्या, चाचा," मी म्हटलं.

पतंग वर गेला. चाचांना लुंगीची शुद्ध नव्हती, पोरासारखे हसत होते. मगरीबची बांग होईपर्यंत त्यांनी दांडी सोडली नाही.

चहा त्या दिवशीही थंडच प्यायले.